हा प्रोग्राम कोणाचा?

आमच्या मुलुंडच्या घरात संगणक एक आणि वापरणारे पाच. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोसायटीच्या नोटिसा टाइप करायच्या असतात. माझा नवरा समीर कर-सल्लागार आहे, त्याची क्लायंटांची रिटर्नं असतात. ओम नववीत, त्यामुळे प्रोजेक्ट. आई संध्याकाळी कीर्तन लावतात आणि उरलेल्या वेळात मी. यंत्र २०१७ साली मुंबईतल्या संगणकांच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, असेंबल करून आणलेलं: सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवलंय, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. म्हणजे तोवर तरी हाच संगणक.

गेल्या पावसाळ्यापासून तो इतका मंदावला की बटण दाबून कणीक मळायला घेतली तरी चालायचं. कणीक तिंबून होईपर्यंत आयकॉन दिसायला लागायचे, पण त्यांवर क्लिक केलं तर काहीही व्हायचं नाही. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने न बघताच निदान केलं, "फॉरमॅट मारून देतो मॅडम, नवा होईल." त्यात खोटं काही नव्हतं. पण फॉरमॅट मारणाऱ्याचं काम थोडं, त्यानंतरचं आमचं भरपूर. बाबांच्या श्रीलिपीचं, म्हणजे मराठी टाइप करायच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स, समीरच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, टॅली, प्रिंटर, सगळ्यांचे पासवर्ड. आणि हा पसारा ज्या वाटेने आत आला ती वाट उघडीच राहणार. म्हणून आधी आत काय काय चालू आहे ते बघू म्हटलं.

मी आयटीतली नाही, बँकेत आहे. पण यादी समोर घेऊन एकेका नोंदीचा मालक शोधणं हे काही माझ्या रोजच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार न केलेलं खातं आम्ही निष्क्रिय धरतो, तरी ते कोणी उचलून बंद करून टाकत नाही; आधी खातेदाराचा पत्ता लावतात. इथेही तोच न्याय लावायचं ठरवलं.

सुरुवातीला काहीच बंद केलं नाही, नुसतं बघितलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. छोटीशीच खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करायचं. आमच्याकडे एकही प्रोग्राम उघडलेला नसताना मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. डिस्कच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. तिथे क्षणाक्षणाला नावं बदलत होती: कधी विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, कधी फाइली शोधण्यासाठी सूची बनवणारा इंडेक्सर, कधी कुठलातरी अपडेटर. फिरत्या डिस्कचं डोकं एका वेळी एकाच जागी वाचू शकतं. दहा जण एकदम मागायला लागले की तिचा बराचसा वेळ इकडून तिकडे धावण्यातच जातो. म्हणजे एकच कोणी गुन्हेगार असेल ही माझी समजूत तिथेच मोडली.

ओम मागून डोकावून म्हणाला, "मम्मी, हे सर्व्हिस होस्ट बघ किती आहेत! सगळे व्हायरस." संशय साहजिक होता. खाली सरकत गेलं तर एकाखाली एक 'सर्व्हिस होस्ट'. पण ते विंडोजचेच आहेत. विंडोजच्या पोटातल्या सेवा स्वतःच्या पायावर चालत नाहीत, त्या या प्रोग्रामच्या आधाराने चालतात. पूर्वी एकेका होस्टमध्ये बऱ्याच सेवा कोंबलेल्या असत. २०१७ च्या एका अपडेटपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना वेगवेगळा होस्ट मिळतो, म्हणून गर्दी दिसते. खरा की खोटा हे ओळखायचं तर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघायचं. खरी फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये निघते. तेच नाव घेऊन कोणी डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प फोल्डरमध्ये बसलेला असेल, किंवा नावातली दोन अक्षरं उलटसुलट असतील, तर मात्र काळंबेरं आहे. आमचे सगळे जागच्या जागी होते. ओम जरा हिरमुसला.

त्याच खिडकीत 'परफॉर्मन्स' खाली 'अपटाइम' असतो, म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे. आमच्याकडे तो दोन आठवड्यांहून जास्त. आई म्हणाल्या, "अगं, मी रोज रात्री बंद करते की!" त्या करतात हे खरंच आहे. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. त्यात 'शट डाउन' म्हटलं की आपले उघडे प्रोग्राम मिटतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तेच उचलून परत लावले जातात. खरी नवी सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ने. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर मी रीस्टार्टच करत आले, नाहीतर काय बदलून काय झालं हे कळलंच नसतं.

मोजायलाही काहीतरी हवं होतं. "आता जरा बरा वाटतो" यावर माझा भरवसा नाही; प्रत्येक जण आपापल्या मूडप्रमाणे सांगतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नावाचा कप्पा आहे, त्यात प्रत्येक सुरुवातीची नोंद १०० या क्रमांकाखाली पडते आणि वेळ मिलिसेकंदांत असतो. आमचा आकडा दोन लाखांच्या वर होता, म्हणजे साधारण साडेतीन मिनिटं. तो वहीत सगळ्यात वर लिहिला. त्याच्याखाली टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमधली नावं उतरवली. तिथे प्रत्येक नावापुढे 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' असा शिक्का असतो. हा शिक्का अंदाजपंचे नसतो. सुरू होताना ज्याने एका सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर वापरला किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क हलवली, तो 'हाय'. आमच्याकडे 'हाय'चीच चलती होती.

रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले आणि एकेक नाव वाचलं.

बाबांनी पहिलंच नाव ऐकून हात वर केला. "ते माझ्या लिपीचं आहे. त्याला हात लावायचा नाही." बाबा मंत्रालयातून निवृत्त झाले. मराठी टंकलेखनाच्या सरकारी परीक्षा त्यांनी टाइपरायटरवर दिलेल्या, बोटं अजून त्याच कळफलकावर पडतात. श्रीलिपीचा एक छोटा प्रोग्राम घड्याळाशेजारी बसून त्यांनी दाबलेल्या कळीची योग्य ती खूण वर्डमध्ये उमटवतो. तो चालू नसेल तर सर्वसाधारण सभेची नोटीस इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत उमटेल. विंडोज १० मध्येच मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक आलाय, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, हे मी सांगून बघितलं. "ते तुमच्या पिढीला," बाबा म्हणाले. विषय संपला. मी नावापुढे 'बाबा, ठेवायचं' असं लिहिलं.

दोन अनोळखी नावं समीरची निघाली. एक सहीच्या यूएसबी टोकनचं आणि दुसरं एमब्रिज. आयकर खात्याच्या पोर्टलवर डिजिटल सही करायची तर ब्राउझर स्वतः टोकनपर्यंत पोचत नाही, मधे हा दुवा लागतो. इंटरनेटवरच्या 'निरुपयोगी प्रोग्राम बंद करा' छापाच्या याद्या परदेशात लिहिलेल्या असतात, त्यांत अशा गोष्टींचा उल्लेख सापडणार नाही. नाव विचित्र, काम ठाऊक नाही, म्हणून कोणीही तो उडवेल. आणि उडवलाच तर ते कळणार कधी? शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता, कंपनीचं रिटर्न समोर उघडं असताना. समीर म्हणाला, "रोज नाही लागत, पण वीस तारखेच्या आसपास आणि जुलै-सप्टेंबरात बंद पडून चालणार नाही." मग तेही ठेवलं. क्लायंटांच्या फाइली क्लाउडवर चढवणाराही त्याचाच. तो राहिला, पण त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन अपलोडचा वेग आवळला.

ओमचे तीन: दोन गेमचे लाँचर आणि मित्रांशी बोलायचं एक. तिन्ही 'हाय'. तो लगेच वकिली करायला लागला की बंद केलं तर गेम अपडेट होणार नाही. होतो. आयकॉनवर क्लिक केलं की लाँचर उघडतो आणि तेव्हा अपडेट होतो. स्टार्टअपमधून 'डिसेबल' करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे, फक्त न बोलावता यायचं नाही एवढंच. हे त्याला दाखवल्यावर पटलं, किंवा पटल्यासारखं केलं. लॉकडाउनमध्ये बसवलेलं मीटिंगचं एक सॉफ्टवेअर माझं होतं, ते काढून टाकलं. एक नाव अशा प्रिंटरचं निघालं जो भंगारवाल्याकडे जाऊन काही वर्षं झाली होती, आणि त्याची शाई किती उरली हे बघणारा प्रोग्राम अजून रोज सकाळी हजर. ब्राउझरचंही एक होतं. खिडकी मिटली तरी मागे चालू राहण्याची परवानगी त्याच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'खाली असते, ती काढली.

एवढं झाल्यावर यादीत अशी काही नावं उरली ज्यांच्यावर घरात कोणीच हक्क सांगेना.

त्यातलं एक स्वतःला संगणक साफ करणारं म्हणवत होतं. दर सकाळी कोपऱ्यात लाल चौकोन, 'हजारहून जास्त समस्या सापडल्या', आणि दुरुस्त करायला पैसे भरा. नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी ढिगाने आहेत, एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांना बरं वाटेल. 'अ‍ॅप्स अँड फीचर्स'ची यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावली तर या महाशयांबरोबर त्याच दिवशी आणखी दोन जण आलेले दिसले, आणि तिघांच्या आधी एक फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर. तारीख बघून समीरला आठवलं. पुतणी तेव्हा आमच्याकडे राहून कॉलेज प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरत होती. पीडीएफ २०० केबीच्या आत हवी, फोटो ५० केबीच्या आत, मुदत रात्री बारापर्यंत. अशा घाईत माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतो, आणि मधल्या पानांवर आधीच टिक केलेल्या चौकटी असतात. माझ्या मते या जातीचं सगळ्यात जास्त सॉफ्टवेअर आपल्याकडे असल्या केबीच्या मर्यादांपायी घुसतं.

स्टार्टअपमध्ये त्याला डिसेबल केलं, रीस्टार्ट केलं, आणि तो परत आला. इथून पुढे खरा किस्सा आहे.

टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब सगळं दाखवत नाही. विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याच्या बऱ्याच जागा आहेत. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या, 'रन' नावाच्या नोंदी, त्याही एक सगळ्यांसाठी आणि एक प्रत्येक युजरची वेगळी. स्टार्टअप नावाचा फोल्डर. सर्व्हिसेस. शिवाय टास्क शेड्यूलर, जिथे 'लॉग इन झालं की हे चालव' किंवा 'दर तासाला हे चालव' असं सांगून ठेवता येतं. पहिल्या दोन ठिकाणचं टास्क मॅनेजर दाखवतो. शेड्यूलर आणि सर्व्हिसेस वेगळ्या उघडून बघाव्या लागतात, आणि चिवट मंडळी तिथेच दडतात.

सगळं एकत्र दाखवणारं साधन म्हणजे ऑटोरन्स. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटर्नल्स नावाच्या साधनसंचातलं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सगळं विकत घेतलं, त्यामुळे ऑटोरन्स मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. बसवावंही लागत नाही, झिप उघडली की चालतं. रुसिनोविच यांचा एक किस्सा मला फार आवडतो. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्यांनी लिहिलं की त्यांच्या स्वतःच्या संगणकात एक लपलेला प्रोग्राम सापडला, आणि माग काढत गेल्यावर तो सोनी बीएमजीच्या एका गाण्यांच्या सीडीतून आलेला निघाला. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने तो घातला होता आणि विंडोजच्या नजरेपासून लपवलाही होता. ओरड झाली, खटले झाले, कंपनीला त्या सीड्या परत मागवाव्या लागल्या. विंडोजच्या आतड्यांत हात घालणाऱ्या माणसाच्या घरीही रीतसर विकत आणलेल्या सीडीतून असं काही येतं, तर आमची पुतणी बिचारी कोण?

ऑटोरन्स पहिल्यांदा उघडलं तर छाती दडपते. शेकडो ओळी. त्यावर उपाय म्हणजे ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या. मग उरतात त्या बाहेरच्यांच्या, आणि त्या मोजता येण्याइतक्या असतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, आमच्या जुन्या प्रिंटरची तशीच होती. गुलाबी ओळीकडे नीट बघायचं, तिथे प्रकाशकाचं नाव किंवा खात्रीची सही नसते. गुलाबी म्हणजे वाईटच असं मात्र नाही. छोट्या भारतीय कंपन्यांची जुनी, कामाची सॉफ्टवेअरही सहीविना असतात. स्कॅन ऑप्शन्समध्ये व्हायरसटोटलची, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून घेणाऱ्या साइटची, चौकट टिक केली तर प्रत्येक फाइलचा ठसा तिथे पाठवला जातो आणि सत्तरेक अँटिव्हायरसांपैकी कितींना ती खटकते तो आकडा शेजारी येतो. मूळ फाइल जात नाही, फक्त तिचा ठसा जातो. समीरच्या क्लायंटांचा डेटा त्याच मशीनवर असल्यामुळे मी हे आधी नीट वाचून घेतलं. त्याच्या सहीच्या दुव्याला शून्य. आमच्या सफाई कामगाराला मात्र बऱ्याच जणांची हरकत.

आता त्याची रचना दिसली. एक नोंद स्टार्टअपमध्ये, ती आम्ही डिसेबल केलेली. एक सर्व्हिस, जिच्या 'रिकव्हरी' टॅबमध्ये लिहून ठेवलेलं की बंद पडली तर पुन्हा सुरू कर. आणि शेड्यूलरमध्ये एक काम, जे ठरावीक वेळाने येऊन बाकीचे दोघे जागेवर आहेत का बघायचं आणि नसतील तर बसवायचं. एकाला बंद केलं की उरलेले दोघे त्याला उठवणार. फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये नव्हत्या, अ‍ॅपडेटा नावाच्या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये होत्या. तिथे फाइल ठेवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही. काही चांगली सॉफ्टवेअरही तिथेच बसतात, ओमचं गप्पांचं तिथेच आहे, म्हणून नुसत्या जागेवरून शिक्का मारता येत नाही.

हात घालायच्या आधी रिस्टोअर पॉइंट केला, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला परत आधीच्या स्थितीत नेता येतं. स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' टाइप केलं की खिडकी येते. बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंद असते, आमच्याकडेही होती, ती आधी चालू करावी लागली. समीरच्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग शेड्यूलरमधलं काम डिसेबल, सर्व्हिस थांबवून तिचा प्रकार 'डिसेबल्ड', आणि त्यानंतर रीतसर अनइन्स्टॉल. त्याने जाताना तीन वेळा विचारलं, तुमचा संगणक धोक्यात येईल, खरंच काढायचं का, निम्म्या किमतीत देतो, खरंच? 'हो' आणि 'नाही'ची बटणं मधेच जागा बदलत होती, त्यामुळे प्रत्येक पान वाचूनच पुढे गेले. कन्व्हर्टर आणि बरोबर आलेले दोघेही काढले. रीस्टार्ट करून ऑटोरन्स पुन्हा उघडलं, तर शेड्यूलरमधलं काम मागे राहिलेलंच. ऑटोरन्समध्ये नुसती टिक काढली तर नोंद बंद होते आणि परत टिक करून चालूही करता येते. डिलीट केलं की गेली. एरवी मी टिकच काढते. ही एक नोंद डिलीट केली, आणि अ‍ॅपडेटातला फोल्डरही.

मग मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडव्क्लीनर फिरवलं, त्याला ब्राउझरमधलं एक एक्स्टेंशन सापडलं. विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅनही केला. त्यात विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. काही निघालं नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही अशी साधनं फुकट आहेत, २०१७ पासून. गुगलच्या जाहिरातीतल्या 'फ्री क्लीनर'पेक्षा ती बरी.

आईंची तक्रार वेगळीच होती आणि ती त्यांनी इतके दिवस कोणाला सांगितली नव्हती. कीर्तन चालू असताना कोपऱ्यात येणारी इंग्रजी पाटी त्या हळूच मिटवायच्या. "मला वाटलं माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं." पाटीवर लिहिलेलं असायचं की संगणकात पाच व्हायरस आहेत, आणि एक फोन नंबर. हा प्रोग्रामच नव्हता. कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं, कोणीतरी 'अलाउ' म्हटलं, आणि ती साइट ब्राउझरच्या आडून विंडोजसारखी दिसणारी पाटी दाखवत होती. ऑटोरन्समध्ये ती दिसणं शक्यच नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की परवानगी दिलेल्या साइटांची यादी असते, ती सगळी पुसली आणि यापुढे कोणी विचारायचंच नाही असं ठेवलं. आईंना फोन नंबरांचं सांगितलं: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. चुकून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच कळवायचं. १९३० त्यांनी कॅलेंडरवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवलाय.

यानंतर ओम कुठल्याशा व्हिडिओतून 'बंद करायच्या सर्व्हिसेस'ची लांबलचक यादी घेऊन आला. त्यात प्रिंट स्पूलर होता, म्हणजे बाबांच्या नोटिसा छापायच्या बंद. विंडोज अपडेट होतं, म्हणजे ज्यासाठी नाव नोंदवलं ती सुरक्षा अपडेटच बंद. सिसमेन (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सेवा) आणि सर्च इंडेक्सरबद्दल लोक तावातावाने भांडतात. फिरत्या डिस्कवर ते सुरुवातीला जड जातात हे खरं, म्हणून सिसमेन थांबवून काही दिवस बघितलं. फरक जाणवला नाही, परत चालू केला. इंडेक्सरमधून फक्त समीरचा जुन्या वर्षांच्या स्कॅनचा फोल्डर वगळला, त्याचा उपयोग झाला. विंडोजच्या स्वतःच्या सेवांशी घरगुती माणसाने खेळू नये असं माझं मत आहे. त्यांतून मिळतं थोडं, आणि दोन महिन्यांनी काहीतरी अडतं तेव्हा आपण काय बंद केलं होतं ते आठवत नाही.

सगळं आवरल्यावरचा आकडा सव्वा लाखाच्या आसपास आला, म्हणजे दोन मिनिटं. डिस्क थोड्या वेळाने शांत व्हायला लागली, पण चपळ म्हणावा असा काही संगणक झाला नाही. उरलेला वेळ प्रोग्रामांचा नव्हता, फिरत्या डिस्कचा होता. मग एका शनिवारी समीर आणि मी ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडला अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते तिथल्या बिलांवरच वाचायला मिळतं. साधी साटा एसएसडी घेतली, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क. रॅमचे भाव नुकतेच चढले होते, ती राहू दिली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवली, त्यामुळे श्रीलिपी, टोकन, टॅली, काहीच पुन्हा बसवावं लागलं नाही. साफसफाई आधी झाली हे बरं झालं, नाहीतर तो लाल चौकोनही नव्या डिस्कवर राहायला आला असता. आता पाऊण मिनिटाच्या आत डेस्कटॉप येतो आणि क्लिक केलं की ऐकतो.

राहिलं आत येण्याच्या वाटेचं. ओम आणि आईंची खाती साधी केली, अ‍ॅडमिनची नाहीत. काही बसवायचं झालं की पासवर्ड मागतो आणि तो समीरकडे किंवा माझ्याकडे आहे. अ‍ॅपडेटात शिरणाऱ्यांना हा पहारा पुरत नाही, म्हणून विंडोज सिक्युरिटीत 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप', म्हणजे व्हायरस नसले तरी नकोसे असू शकणारे प्रोग्राम, अडवण्याचा पर्याय आहे तोही चालू केला. २०२० पासून तो सेटिंगमध्ये असतो, आमच्याकडे बंद होता. पीडीएफ लहान करण्याचं काम आता फॉर्म भरणाऱ्याने समीरला सांगायचं, त्याच्याकडे विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. बाबांनी हा नियम सोसायटीच्या ठरावासारखा मोठ्याने वाचून दाखवला.

ऑक्टोबर २०२६ नंतर काय, यावर घरात एकमत नाही. समीर म्हणतो नवा घेऊ. बाबा म्हणतात लिनक्स टाकू, त्यांच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमधल्या एकाने टाकलंय आणि फुकट आहे. श्रीलिपी त्यावर कशी चालणार, असं मी विचारल्यावर ते त्याला विचारून सांगणार आहेत.